अन काय, डिस काय

लाँड्रीतल्या बाईंचं इंग्रजी कपड्यांच्या लेबलांपुरतं होतं. कोमट पाणी, मंद इस्त्री, ब्लीच नको. तेवढ्यावर त्यांची बारा वर्षं निभली होती. पण त्या सोमवारी त्यांची तेरा वर्षांची लेक शाळेतून आली आणि दप्तर भिरकावून म्हणाली, "मी आता पोहायला जाणार नाही."

"का गं? नंबर हुकला म्हणून?"

आदल्या दिवशी पोहण्याच्या शर्यती झाल्या होत्या. फायनलला आठजणी घेणार होते आणि लेक पाऊण सेकंदानं नववी आली होती. पण त्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. घरी येऊन दोनदा वाढून घेऊन जेवली होती.

"त्याचं नाही गं! पोहण्याच्या तलावावरच्या फलकावर माझ्या नावापुढे डिसक्वालिफाइड लिहिलंय. वर्गातल्या एकीनं त्याचा फोटो सगळ्यांना पाठवला. आज जो तो विचारतोय, काय लबाडी केलीस?"

"निवड झाली नाही, एवढंच ना त्यात?"

"निवड झाली नाही ते अनक्वालिफाइड. डिस म्हणजे नियम मोडला म्हणून बाहेर काढलं!" लेकीनं इंग्रजी-मराठी शब्दकोश आणून आईपुढे आपटला.

बाईंनी अक्षरांवर बोट ठेवत दोन्ही शब्द वाचले, त्यांचे अर्थ वाचले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज पहाटे पाचला उठून पाण्यात उतरणाऱ्या पोरीला हे लोक लबाड म्हणतात?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या एप्रनसकट तलावाच्या ऑफिसात गेल्या. कारकून डबा उघडून बसला होता.

"अहो बाई, अन काय, डिस काय!" तो घास चावत म्हणाला. "मराठीत दोन्हीला अपात्रच म्हणतात. पोरगी फायनलला नाही, विषय संपला."

"संपला कसा? इस्त्री राहिलेला शर्ट आणि इस्त्रीनं जाळलेला शर्ट तुम्हाला सारखाच का? उद्या तुमची बढती हुकली, तर तुम्हाला नोकरीवरून हाकललं असं फलकावर लावू?"

कारकुनाचा घास थांबला. "कॉम्प्युटरमध्ये दोनच शब्द आहेत. क्वालिफाइड नाही तर डिसक्वालिफाइड. मी काय करणार?"

"म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरला तिसरा शब्द येत नाही, म्हणून माझ्या मुलीनं लबाड ठरायचं?"

आवाज ऐकून आतून मुख्य पंच बाहेर आल्या. पांढरा गणवेश, गळ्यात शिट्टी. त्यांनी शर्यतीच्या वेळी पंचांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या काढून यादीशी ताडून पाहिल्या. यादीत एकवीस मुलींच्या नावापुढे तोच शब्द होता. नियम मोडला होता फक्त एकीनं, शिट्टीआधी उडी मारून.

"यादीवर सही माझीच आहे," पंचबाई हळूच म्हणाल्या. "वाचली नव्हती मी."

"वाचायची होतीत," बाई म्हणाल्या. "वीस पोरींच्या अब्रूचा प्रश्न होता."

पंचबाईंनी कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं नवी यादी लिहिली: वेळेत बसल्या नाहीत त्या वीसजणी वेगळ्या, बाद झालेली एक वेगळी. खाली चूक झाल्याचं लिहून सही केली. शाळांना पत्रंही पाठवायचं कबूल केलं. कारकुनानं तो कागद फलकावर वाकडातिकडा टोचला. माफीचा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही.

बाईंनी कागदाचा फोटो काढून आणला. "घे, पाठव तुझ्या वर्गात सगळ्यांना."

लेकीनं तो दोनदा वाचला. "नको आई. पुन्हा तेच सुरू होईल."

"अगं, पण खरं काय ते कळू दे की!"

"ज्यांनी पहिला फोटो बघितला ना, ते हा बघणार नाहीत."

त्या आठवड्यात लाँड्रीतली इस्त्री टेबलावर इतकी आदळत होती की मालकानं दोनदा डोकावून पाहिलं. शाळेला पत्र आलं, ते शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवलं. काहीजणींनी मान खाली घातली, काहींचं लक्षच नव्हतं.

लेक तीन आठवडे पाण्याकडे फिरकली नाही. चौथ्या गुरुवारी पहाटे बाईंना जाग आली, तेव्हा ती दाराशी बसून बॅगेत टॉवेल कोंबत होती. बाईंनी उठून फक्त दिवा लावला.