उन्नतीच्या तळहातांवरचं ‘रक्त’

हिंदी मुलखातल्या मुरार गावी मल्हाररावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भूत उतरवायला आलेल्या बाबाजींनी मल्हाररावांच्या मुलीचे, उन्नतीचे, हात ‘गंगाजला’नं धुतले, वर हळदीचं पाणी ओतलं आणि तळहात लालभडक झाले!

“देखो! चुड़ैल का खून!” बाबाजी गरजले. “गोलियाँ बंद ही रखना! गोली तो चुड़ैल की खुराक है!”

“जय हो!” गर्दी ओरडली.

मधुसूदन दारापाशीच अवघडून उभे होते. आयुष्य पुस्तकांत गेलेला हा म्हातारा निवृत्तीनंतर मनोरुग्णांच्या वतीनं बोलायचं काम करत होता, आणि नेमकं बोलायच्या वेळी त्याचीच जीभ टाळूला चिकटायची. या कामाला दुसरा कोणी हवा होता, असं त्यांना रोज वाटे. पण बाबाजींनी डॉक्टरांच्या गोळ्या सोडायला लावल्यापासून उन्नतीला पुन्हा ते भलते आवाज ऐकू येत होते, झोप उडाली होती. ते कसेबसे तिच्याजवळ गेले.

“बेटा, तुला काय वाटतं?”

“काका, ते गंगाजल नाहीये. हात चुरचुरतात. पानाच्या चुन्यासारखा वास येतो. मी आईला कालच सांगितलं.”

“पागल है, कुछ भी बकती है,” कोणीतरी खिदळलं.

मधुसूदनांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी बाबाजींचा लोटा उचलून स्वतःच्या हातांवर ओतला आणि हात हळदीच्या पाण्यात बुडवले. लालभडक!

“घ्या! मलाही चुडैल लागली. या वयात!” ते उन्नतीच्या आईकडे वळले. “सुलोचनाबाई, हळदीकुंकवाचं कुंकू तुम्ही घरीच करता ना? हळदीत काय घालता?”

“चुना,” ती पुटपुटली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई! दर चैत्रात करते की मी!”

“लोट्यात चुन्याची निवळी आहे. चुना लागला की हळद लाल होणारच.”

“नास्तिक है ये!” म्हणत बाबाजींनी झोळी आवरली. आणि लोक? अर्धे त्यांच्यामागेच निघाले. एक जण तर फोन नंबर मागत होता!

“पण बाबाजी आले की ही शांत होत होती,” मल्हारराव अडखळले.

“शांत नाही पप्पा, घाबरत होते,” उन्नती म्हणाली. “मला डॉक्टरांकडे जायचंय.”

मल्हारराव मधुसूदनांकडे वळले. “काका, काय करू?”

“मला काय विचारता?” मधुसूदन आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं ओरडले. “तिनं सांगितलं ना आत्ता!”

मल्हारराव गाडीची किल्ली शोधायला आत गेले.

मनाचा आजार हा आजारच असतो. त्याला डॉक्टर लागतो, औषध लागतं. आणि आजारी माणूस काही सांगत असेल, तर ते खरं असू शकतं, एवढं तरी धरून चाला. त्यासाठी कुठलीही सिद्धी लागत नाही.