कावळ्यांची घंटा

नलूच्या घंटेला तारापूरच्या किनाऱ्यावरचा एकही कावळा भीत नव्हता. बोंबील सुकत घातलेल्या दोरीवर कावळा बसला की पत्र्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकत आणि घरात सेलवरची घंटा वाजे. कावळा मान वाकडी करून ती ऐकायचा आणि मग बोंबील उचलायचा.

"जेवायला बोलावतंस काय गो त्यांना?" आई विचारायची.

नलू मॅट्रिक झाली होती. अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि बोईसरला एका कंत्राटदाराच्या वर्कशॉपात वायरमनच्या हाताखाली माणूस हवा होता. तिथे घेतलं नाही, तर आईबरोबर पालघरच्या बाजारात मासळी विकायला बसायचं, हे घरात ठरलेलं होतं.

"सर्टिफिकेट?" फोरमन वर्तकांनी विचारलं.

"नाही."

"मग आजवर केलंय काय?"

नलूने चाचरत घंटेचं सांगितलं. मागे दोघे कामगार फिसकन हसले. वर्तक म्हणाले, "बिघडली कधी?"

"सारखीच." आता तिला धीर आला. "खाऱ्या वाऱ्याने पट्ट्या गंजायच्या. होडीला लावतो तसं मुशी माशाचं तेल चोपडलं, तर घंटा मुकीच झाली. तेल वाळून पट्ट्यांवर चिकट थर बसला होता. पण ते कळेपर्यंत मी सेल बदलले, घंटा खोलली, सगळ्या तारा उसवल्या."

"आता काय करशील?"

"आधी पट्ट्या वगळून तारा थेट जोडीन. वाजली, तर दोष पट्ट्यांत."

वर्तकांनी टेबलावर एक बंद घंटा ठेवली. सोबत बटण, तारा, सेल. "हिला बोलती कर."

नलूने बटण वगळून तारा जोडल्या. घंटा गप्प. मग घंटा उचलून थेट सेलला लावली, ती खणखणली. म्हणजे दोष मधल्या तारेत. तार वरून धडधाकट होती. नलू ती बोटांनी इंच इंच वाकवत गेली. एका जागी ती नको तितकी मऊ लागली. आवरणाच्या आत तांबं तुटलं होतं. तिने तेवढा तुकडा कापून टोकं जोडली, बटण परत जोडलं आणि दाबलं. घंटेबरोबर तीही मोठ्याने हसली.

"सोमवारपासून ये," वर्तक म्हणाले.

आईने बातमी ऐकली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मंग बाजारात माज्यासंगं कोन?"

"मंदामावशी."

"ती गिऱ्हाइकांशी भांडते." बोलता बोलता आईने ट्रंक उघडून आपलं ठेवणीतलं लुगडं काढलं. "हे नेस. मासळीचा वास येतो काय बघ."

नलूने नाकाशी धरलं. "येतो."

"येऊंदे," आई म्हणाली.