डावं पाऊल

मोच्याने दाराला कान लावला आणि स्वतःशीच मान हलवत म्हणाला, "डावंच."

खोलीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. सतरा दिवस नव्हतंच. एक पलंग, एक न उघडणारी खिडकी आणि दारात वीतभर काच. इस्पितळाच्या त्या बंद विभागात येणारा जो तो नखशिखांत पांढऱ्या वेष्टनात. कुणाचा चेहरा दिसेल तर शपथ. पायांत मात्र सगळ्यांच्या एकसारखे रबरी बूट, आणि चाळीस वर्षं लोकांच्या टाचा ठोकलेल्या माणसाला तेवढं पुरे होतं. डॉक्टर टाच आपटत चालायचे, सफाईवाल्या मावशी चवड्यांवर. सिस्टरची चाल दोरा ओवल्यासारखी सरळ.

गुरुवारपासून मात्र तिचं डावं पाऊल मागे राहत होतं. केसभरच.

हा आजार पायांतून वर चढतो. ताप मागाहून येतो, चार-पाच दिवसांनी. मोच्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याचा स्वतःचा पाय असाच आधी जड झाला होता. दारावर ताप मोजणारं यंत्र तिला रोज खुशाल आत सोडत होतं.

"काय काका, आज कुणाचे पाय वाचलेत?" सिस्टर आत येत म्हणाली.

"एका हवालदाराचे. झिजलेला तळ बघून सांगितलं, साहेब, बढती विसरा."

"थापा."

"थाप असेल. बूट खरे होते."

ती हसली आणि स्टुलावर बसली. काम आटोपल्यावरची ही दहा मिनिटं कुठल्याच नियमात नव्हती. बाकीचे औषध ठेवून असे पळायचे, जणू पलंगावर माणूस नाही, विंचू निजलाय. ती तेवढी बसायची, घरचं काहीबाही सांगायची. त्या दहा मिनिटांच्या जोरावर मोची उरलेला दिवस ढकलायचा. आपण तोंड उघडलं की ही गेली, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

शुक्रवारी त्याने विचारून पाहिलं होतं, "पाय दुखतो का?"

"बारा तास उभे राहून बघा, मग सांगा," ती म्हणाली होती. त्याला हायसं वाटलं होतं. बूट ढिला असेल, असं त्याने स्वतःला पटवलं. उभ्या जन्मात एवढी मोठी थाप त्याने गिऱ्हाइकालाही मारली नव्हती.

आज सोमवार. दहा मिनिटं संपवून ती उठली आणि तिने पलंगाची दांडी धरली. दोन श्वास तशीच उभी राहिली. मग काही झालंच नाही अशा थाटात बाहेर गेली.

मोच्याने घंटेवर अंगठा ठेवला तो उचललाच नाही.

डॉक्टर आले. त्याने सिस्टरच्या पावलाचं सांगितलं.

"कधीपासून?"

'आत्ताच' हा शब्द जिभेवर पॉलिश करून ठेवल्यासारखा तयार होता. मोच्याने तो गिळला.

"गुरुवारपासून."

"गुरुवार." वेष्टनाआडून आवाज दबका येत होता. "आणि तुम्ही आज सांगताय."

"एकटं वाटतं हो, साहेब."

डॉक्टरांनी कागद काढला. गुरुवारपासून तिच्याजवळ आलेल्यांची चार नावं लिहिली, पाचव्यापाशी पेन थांबलं.

"काल तिला सुट्टी होती."

"हो. महिन्याभराने घरी गेल्या होत्या."

"घरी कोण कोण असतं, ठाऊक आहे?"

ठाऊक नसायला काय झालं. रोज दहा मिनिटं दुसरं होतं काय?

"नवरा. सासूबाई. आणि सात महिन्यांची मुलगी. पहिला दात येतोय तिला. काल दिवसभर आईचं बोट तोंडातून सोडत नव्हती म्हणे."