‘डा’ म्हणजे डावा नव्हे

मी एक जुना, दांडी तुटलेला इंडिकेटरचा स्विच आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. छत्तीस वर्षं मी एका मोटारीच्या स्टिअरिंगखाली बसून तिची डावी-उजवी सांभाळली. आता एका गॅरेजच्या बाकावर, डब्याच्या झाकणात, चार गंजक्या स्क्रूंच्या शेजारी पडून आहे.

मी पितळी पट्ट्यांचा, सहा वायरींचा. लोकांना वाटतं, स्विच फक्त वळण दाखवतो. पण आमच्या गाडीत मागे प्रत्येक बाजूला एकच दिवा, तोच वळताना लुकलुकायचा आणि ब्रेक दाबल्यावरही लागायचा, म्हणून ब्रेकची वीजसुद्धा माझ्याच पोटातून जायची. एवढी जबाबदारी, पण कौतुक व्हायचं ते हॉर्नचं!

मालक मात्र गुणग्राहक होते. वळण संपून मी टक् करून जागेवर आलो, की ते “शाब्बास” म्हणायचे. एकदा ब्रेकची वायर माझ्यापासून चार बोटांवर तुटली. त्यांनी स्वतः कथील वितळवून तिला डाग दिला, जोडावर पांढरी टेप गुंडाळली आणि पेनाने लिहिलं, ‘डाग’. पुढे कुणी उघडलं तर इथे जोड आहे हे त्याला कळावं, एवढाच हेतू. घासून घासून त्यातला ‘ग’ पुसला गेला आणि ‘डा’ तेवढा उरला. तिथेच आमचं नशीब फिरलं.

मग मालकांना झटका आला. उजवा हात गेला आणि शब्दही गेले. कसेबसे चार-दोन शब्द उरले. घरात त्यांचा जीव घाबरा व्हायचा, गाडीत बसवलं की शांत व्हायचे. म्हणून मुलगी त्यांना रोज गाडीत बसवून एक फेरी मारायची. अशाच एका फेरीत माझी दांडी तिच्या हातात आली. त्यामुळे दोनदा गाडी सरकारी तपासणीत नापास झाली. तिसरी तारीख शेवटची होती. त्या दिवशी चार वाजेपर्यंत पास झाली नाही, तर गाडी भंगारात जाणार होती.

गॅरेजवाले काका हाताचे चांगले, पण घाईचे. माझ्या सहाही वायरी त्यांनी खूण न करताच कापल्या. नव्या स्विचच्या वायरींचे रंग वेगळे आणि गाडीतल्या वायरी जुनेपणाने एकजात मातकट झालेल्या. चार त्यांनी तपासायचा दिवा लावून ओळखल्या. उरल्या दोन, आणि त्यातल्या एकीवर ‘डा’. डा म्हणजे डावा, तपासायचं काय त्यात! त्यांनी ब्रेकची वायर डाव्या दिव्याच्या जागी जोडली आणि डाव्या दिव्याची ब्रेकच्या जागी.

उजवा इंडिकेटर झकास लागला. ब्रेकचा दिवाही लागला. डावा दिला, तर मागचा दिवा मेलेलाच. तशात ब्रेक दाबला, तर मागे ठार अंधार. काकांनी बल्ब बदलला, फ्लॅशर बदलला, गंज खरवडला, नव्या स्विचच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. घड्याळात तीन वाजले. मी झाकणात पडून तळमळत होतो. सगळं मला माहीत होतं, पण स्विचला आवाज एकच, टक्, आणि तोही कुणी दांडी हलवली तर.

गाडीच्या दाराशी खुर्चीत बसलेले मालक म्हणाले, “डाग.”

मुलीने रुमालाने त्यांचा शर्ट पुसला. ते पुन्हा म्हणाले, “डाग.” तिने बाही पाहिली, कॉलर पाहिली. तिसऱ्यांदा त्यांनी डावा हात खुर्चीवर आपटला, तेव्हा तिला रडू फुटलं.

“बाबा, शर्ट स्वच्छ आहे हो. गाडी भंगारात चाललीय आपली, आणि तुम्ही डागाचं काय घेऊन बसलात?”

बापाला सांगता येईना, लेकीला कळेना, आणि ज्याला कळत होतं तो मी असा मुका. इतका असहाय मी कधीच नव्हतो.

सव्वातीनला काकांनी पक्कड खाली ठेवली. आपली अक्कल संपली, गाडी ओढून न्यायला माणूस बोलवा, असं ते तिला म्हणाले. तेवढ्यात मालक वाकले, दारातून डावा हात आत घातला आणि ती टेप मुठीत धरली. सोडेनातच. काका त्यांची बोटं सोडवायला गेले, आणि टेपखाली त्यांच्या बोटाला गाठ लागली. ते थबकले.

“ताई, शर्टाचं नाही म्हणत ते. डाग दिलाय म्हणतात.”

टेप सोलली. आत कथलाचा करडा थेंब होता. मग ही वायर डाव्या दिव्याची कशावरून, असं पुटपुटत काकांनी तिला तपासायचा दिवा लावला आणि मुलीला ब्रेक दाबायला सांगितलं. दिवा लागला.

दोन वायरींची अदलाबदल करायला पाच मिनिटं लागली. डावा दिवा लुकलुकला. स्टिअरिंग फिरवून सरळ केलं, तसा नवा स्विच टक् करून जागेवर आला.

“शाब्बास,” मालक म्हणाले. हा शब्द त्यांच्यापाशी अजून आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो माझ्यासाठी नव्हता. मला फार लागलं, खोटं कशाला बोलू?

पाच वाजता गाडी हॉर्न वाजवत गॅरेजवरून गेली. पास झाली होती. काका हात हलवून हसले. कौतुक पुन्हा हॉर्नचंच!

मित्रांनो, वायर कापण्याआधी खूण करा. लिहाल तेव्हा पूर्ण शब्द लिहा, आणि पुसट झाला तर पुन्हा गिरवा. आणि कुणापाशी एकच शब्द उरला असेल, तर तो रुमालाने पुसू नका.