वेळेआधी जाग

बाईंच्या प्रयोगशाळेतली उंदरांची मादी पिल्लं वेळेआधी वयात येत होती. ज्यांना औषध टोचलं होतं ती आली असती तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण ज्यांना साधं पाणी टोचलं होतं, तीही येत होती. घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

मेंदूच्या तळाशी थोड्याशा पेशी असतात. लहानपणी त्या गप्प राहतात. मग वेळ झाली की जाग्या होतात आणि शरीराला हुकूम सोडतात, चला, आता मोठं व्हायचं. बाहेरून हार्मोन रक्तात जात राहिलं, तर कधीकधी त्यांची झोप आधीच मोडते. बाईंची उभी हयात या पेशींच्या मागे गेली होती. परदेशातून लोक त्यांना शंका विचारत, आणि बाई उत्तर देताना समोरच्याला शाळकरी पोर करून सोडत.

पण सध्या त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. घरी सहा वर्षांची नात होती. अखंड बडबड, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. आठवड्यापूर्वी आंघोळ घालताना सुनेच्या हाताला तिच्या छातीत गाठ लागली. हात लावला की दुखतं, टिटवी म्हणाली. डॉक्टरांनी तपासणी सुचवली होती. बाई सुनेला म्हणाल्या, "काही नसतं गं, जाईल." आणि स्वतः मात्र धास्तावल्या.

पिंजऱ्यांचं कोडं सोडवायला त्यांनी खाणं बदललं, भुसा बदलला, पाण्याच्या बाटल्या बदलल्या. माणसं बदलता येईनात म्हणून त्यांच्यावर ओरडून झालं. शेवटी हाताखालची संशोधक मुलगी धीर करून जवळ आली.

"बाई, एक बोलू? रागावू नका."

"रागावण्यासारखं असेल तर रागावेनच. बोल."

"माझ्याकडची पिल्लं वेळेवर वयात येतायत. फक्त तुमच्याकडची..."

"म्हणजे माझ्या हातालाच काही लागलंय म्हणतेस?"

बाई फणकाऱ्यानं बोलून गेल्या आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या.

हातमोजे त्या घालत, पण बाह्या कोपरापर्यंत सरकवून. पिल्लं उघड्या हातावर चढू द्यायची, ही त्यांची जुनी रीत. अंगाखांद्यावर खेळलेलं पिल्लू टोचताना चावत नाही, असं त्या सगळ्यांना शिकवत. आणि त्याच हातावर त्या वर्षभर रोज हार्मोनचं मलम चोळत होत्या. पाळी गेल्यापासून अंगाची लाही व्हायची, त्यावर डॉक्टरांनी दिलेलं. खोक्यातला सूचनांचा कागद त्यांनी उघडलासुद्धा नव्हता. हार्मोनबद्दल मला कोण काय सांगणार, असा त्यांचा तोरा. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

त्यांनी बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या. पिल्लांचं त्यांना काहीच वाटलं नाही. रोज रात्री टिटवी त्यांच्या हातावर गाल टेकून झोपत असे. उशी दिली तर भिरकावून द्यायची.

बाईंनी घरी जाऊन काही लपवलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. मुलगा ऐकून खिडकीशी जाऊन उभा राहिला. सुनेनं हातातला टॉवेल घडी करून ठेवला. मग म्हणाली, "आई, दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं असतं ना, तर मी विचारायला तुमच्याकडेच आले असते."

टिटवीच्या डॉक्टरांनी बाईंचं मलम बंद करायला लावलं. नुसतं बाहेरचं हार्मोन असेल तर गाठ विरघळेल. पण मेंदूतल्या पेशीच जाग्या झाल्या असतील, तर त्यांना गप्प ठेवायला कित्येक वर्षं इंजेक्शनं. टिटवीचं रक्त पुन्हा पुन्हा काढलं, ती किंचाळली, आणि बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या. आत जायची त्यांची छाती झाली नाही.

मग घरात सगळे वाट बघू लागले. बाई हात घासून घासून लाल करत. टिटवी जवळ आली की काहीतरी काम काढून उठत. आजीला झालंय काय, हे पोरीला कळेना. दोन दिवस ती रडली, तिसऱ्या दिवशी येईनाशी झाली.

डॉक्टरांचा फोन बाईंनाच आला. "पेशी जाग्या झाल्यात," ते म्हणाले. "पुढचं तुम्हाला मी काय सांगू?"

बाई टिटवीच्या खोलीकडे गेल्या. त्यांना तिला एकदा नुसतं बघायचं होतं. दार लावलेलं होतं. त्या घरात टिटवीनं कधी दार लावलं नव्हतं. आंघोळीहून ती उघडीच घरभर पळायची आणि सून टॉवेल घेऊन तिच्यामागे.

"टिटवे?"

"आत यायचं नाही. मी कपडे बदलतेय."

"अगं, मी आहे. आजी."

आत कपाटाचं दार वाजलं.

"माहितीये," टिटवी म्हणाली. "तू पण नको."

स्वयंपाकघरातून सुनेनं विचारलं, "आई, कुणाचा फोन होता?"