मफलरची गोफण

सारजाने गळ्यातला मफलर ओढून काढला, मधोमध दुमडला आणि दुमडीत दगड बसवला. दोन्ही टोकं उजव्या मुठीत घेतली. एक बोटाला गुंडाळलं, दुसरं नुसतं दाबून धरलं. दगडी गडगा ओलांडताना नऊवारीचा काठ फाटला. सुनेने घेऊन दिलेले पांढरे बूट चिखलात रुतले. तिचं लक्ष नव्हतं. समोरच्या उतारावर मेंढरं एका अंगाला दाटत चालली होती. कोकरं आयांच्या पोटाखाली शिरत होती. आणि त्यांच्या मागे, गवताला पोट टेकवून, मान खाली, एक पाय उचललेला, नजर न हलवता

*

सूचना ७. गाडी थांब्यावर वीस मिनिटे थांबेल. चहा व स्वच्छतागृह उरकून घ्यावे. गाडीपासून लांब जाऊ नये.

*

गाडी स्कॉटलंडातली होती, आतली माणसं बारामती-इंदापूरची. सत्त्याण्णवचा मे महिना. बहुतेक द्राक्षबागावाले, दोन-तीन निवृत्त मास्तर, आणि पुण्याची रश्मी. तिने माइक हातात घेऊन डोंगर, तळी, राजे आणि राजांचे खून समजावून सांगायचे, सगळ्यांना मोजून गाडीत बसवायचं. लासुर्ण्याच्या मानसिंग आणि सारजाला त्यांच्या सुनेने, मनिषाने पाठवलं होतं. घरात रोज चालतं ते निदान बारा दिवस तरी चालू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

ते सामानाबरोबर आलं होतं.

लंडनच्या हॉटेलात सारजाने लिफ्टमधलं लाल बटण दाबलं. घंटा वाजू लागली. मानसिंगने तिच्या तोंडावर मूठ मारली. दार उघडलं तेव्हा समोर कऱ्हाटीचे ज्ञानदेव गुरुजी आणि त्यांची बायको ताईबाई उभे होते. सारजाच्या ओठातून आलेलं रक्त हनुवटीपर्यंत पोचलं होतं.

"तात्या, नाश्ता खालीच हाय न्हवं?" गुरुजींनी मानसिंगला विचारलं.

"खालीच."

चौघं गुपचूप खाली गेले. घंटा वाजतच होती.

*

सूचना ४. जागा रोज दोन ओळी मागे सरकतील. बाजू बदलून मिळणार नाही.

*

सारजाने अख्ख्या सहलीत एकच गोष्ट मागितली होती. पहिल्याच दिवशी, विमानतळावर, रश्मीला बाजूला घेऊन.

"बाय, मला गाडीत उजवीकडची खिडकी दी."

"काकू, डावीकडून देखावे चांगले दिसतात."

"देखावं ऱ्हाऊंदे."

उजव्या खिडकीशी बसलं की मानसिंग तिच्या डाव्या हाताला यायचा. तिचा डावा कान एकतीस वर्षांपूर्वी गेला होता. त्या बाजूने तो काय बोलतो ते तिच्यापर्यंत येत नसे. हात यायचा. पण हात काय, ऐकू येऊन तरी कुठे चुकतो.

*

कान गेला ती दुपार होती. तेव्हा त्यांच्याकडे ऊस नव्हता, बाग नव्हती. मेंढरं होती, आणि डाळजच्या माळावर वाघर लावलेली होती. वाघर म्हणजे दोरीची जाळी. मेंढरं चरायला गेली की मागे राहिलेली कोवळी कोकरं तिच्यात कोंडायची. त्या दिवशी कोकरांबरोबर त्यांची दीड वर्षांची पोर होती, सरू. सारजा गाठ मारून पाण्याला गेली. राखणीला मानसिंग होता.

परतताना तिने शीळ ऐकली. एक लांब, दोन तुटक. लांडगा आल्याची खूण. हंडा टाकून ती धावली.

वाघरीची गाठ सुटलेली होती. कोकरं सगळी होती. जाळीपासून ओढ्यापर्यंत गवत एका रेघेत झोपलं होतं.

मानसिंगने काठी उचलली.

"गाठ न मारता गेलीस," तो म्हणाला, आणि काठी मोडेपर्यंत तेच म्हणत राहिला. भावकी जमली तोवर ते खरं होऊन गेलं होतं. गाठ मारल्याचं सारजाला आठवत होतं. पुढे लोक इतक्यांदा म्हणाले की तिला आठवेनासं झालं. तिच्या बोटांना तेवढं आठवायचं. मेंढरं विकली, पाट आला, ऊस झाला, बाग झाली. भाकरी करपो नाहीतर विहिरीवरची मोटर बंद पडो, मानसिंग शेवटी त्याच माळावर यायचा.

"पोर घालवलीस तू," म्हणायचा. मग हात.

*

नजर न हलवता लांडगा दबा धरून होता.

काळा-पांढरा लांडगा तिने कधी पाहिला नव्हता. पण मुलूखच परका. इथली मेंढरंसुद्धा काळ्या तोंडाची, अंगावर घोंगडं पांघरल्यासारखी. चाल मात्र तीच होती. मेंढक्याचा कुत्रा मेंढरांकडे पाठ करून बसतो, बाहेर बघतो. मेंढरांवर डोळा लावून पोटावर सरकत येतो तो एकच.

आणि वरच्या टेकाडावरून शीळ आली. एक लांब, दोन तुटक.

मफलर डोक्याभोवती एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. तिने दाबलेलं टोक सोडलं.

दगड कानामागे बसला. जनावर आडवं झालं, केकाटलं, आणि पुढच्या दोन पायांवर परत मेंढरांकडेच सरकू लागलं. तोवर ती पोचली होती. वाटेत उचललेला दुसरा दगड तिच्या हातात होता. तिने त्याच्या मानेवर गुडघा रोवला आणि हाणला. जबडा निखळला. पुन्हा हाणला. डोळा गेला. त्याच्या नखांनी तिच्या पोटरीचं कातडं सोललं. ती हाणत राहिली, एका लयीत, खळ्यावर कणसं बडवावीत तशी. तोंडाने काहीतरी म्हणत होती. काय, ते तिलाही कळत नव्हतं. रक्त तिच्या चष्म्यावर उडालं, दातांवर आलं. पाय झाडायचे थांबले तरी ती थांबली नाही.

मग केसांत लाल चामड्याचा पट्टा दिसला. त्याला पितळेची चकती.

सारजाचा हात वरच राहिला. मेंढरं लांब जाऊन एका ठिकाणी उभी होती आणि सगळी तिच्याकडे बघत होती.

"अवदसे, कुत्रं हाय ते!" मानसिंग गडग्यावरून उतरत ओरडला. "पाळल्यालं कुत्रं!"

सहलीसाठी घेतलेली नवी काठी तिच्या खांद्यावर पडली. मग पाठीवर. मफलर चिखलात गेला. तिसऱ्या वेळी काठी वर गेली तेव्हा सारजा उठून उभी राहिली होती. एकतीस वर्षं या घटकेला तिचा कोपर आपोआप डोक्यावर जायचा. तो गेला नाही. दगड तिच्या मुठीतच होता.

"तात्या," गडग्याजवळून ज्ञानदेव गुरुजी म्हणाले. मग एक पाऊल पुढे येऊन परत म्हणाले, मास्तरकीच्या आवाजात, "तात्या! काठी खाली!"

काठी खाली आली नाही, पण सारजावर पडलीही नाही. तशात टेकाडावरून कुत्र्याचा मालक उतरून आला. उंच, म्हातारा, तोंडात शीळ वाजवायची पत्र्याची चकती. ती दातांतून गळून पडली. तो कुत्र्याशेजारी गुडघ्यांवर बसला, बरगड्यांवर तळवा ठेवला आणि वाट बघितली. ओरडला नाही. कुत्र्याचा उलटलेला कान त्याने सरळ केला. मग वर न बघता काहीतरी विचारलं.

रश्मी धावत आली होती. तिला दम लागला होता.

"काकू, ते विचारतायत, का?" ती म्हणाली. "तो मेंढरं वळवत होता हो. त्याचं कामच ते. शीळ त्याच्यासाठी होती."

सारजाने एकदा कोकरांकडे पाहिलं. मग दगडाचा हात लांब केला आणि मानसिंगकडे दाखवला.

"ह्यास्नी इचारा. राखण कुणाची व्हती ते."

रश्मीला काही कळलं नाही. ती मानसिंगकडे वळली. गुरुजी आणि ताईबाईही वळले. म्हातारा खालीच बघत होता. वारा सुटला होता. मानसिंग सारजाच्या डाव्या अंगाला उभा होता. काठी त्याने छातीशी धरली होती, कुणीतरी हिसकावून घेईल तशी. तो कुत्र्याच्या फुटलेल्या तोंडाकडे बघत होता, आणि बोलला ते त्या तोंडालाच.

"गाठ मारून गेल्ती ती."

"कसली गाठ, तात्या?"

"वाघरीची. मीच सोडली. एक कोकरू बाहीर राहिल्यालं, ते आत घ्याला. परत मारायची ऱ्हायली." त्याने ओठ पुसले. "बाभळीखाली पडलो. डोळा लागला. जाग आली तवा... शीळ घातली, पर तवर वड्यापातूर नेल्ती पोर."

ताईबाईंनी पदर तोंडाशी नेला.

"मी काय सांगू त्यांना?" रश्मीने विचारलं.

तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. शेवटी ती म्हाताऱ्याकडे वळून इंग्रजीत माफीचे दोनच शब्द बोलली. म्हाताऱ्याने मान हलवली. अंगातला कोट काढला, कुत्रा त्यात गुंडाळला, लेकराला उचलावं तसा उचलला, आणि उतार चढू लागला. मेंढरं वाट सोडून बाजूला झाली.

सारजाने मानसिंगचे ओठ हलताना पाहिले होते, शब्द तिच्यापर्यंत आले नव्हते. ताईबाईंचे डोळे भरलेले पाहिले होते. गुरुजींनी तिच्याकडे बघून मान खाली घातली, तेही पाहिलं होतं.

"काय म्हणलं हे?" तिने विचारलं.

रश्मी म्हाताऱ्याच्या मागे निघाली होती. गुरुजी पायाखालचं गवत बघत होते. ताईबाईंनी पुढे येऊन स्वतःच्या रुमालाने तिचा चष्मा पुसला, डोळ्यांवर बसवला.

"वैनी," त्या तिच्या उजव्या कानाशी म्हणाल्या, "त्यांनाच इचारा. सोडू नका."

*

रश्मी परत आली ती कागदावर म्हाताऱ्याचा पत्ता घेऊन. पुढच्या मुक्कामी पोलिसांना कळवावं लागेल, कंपनीला कळवावं लागेल, असं तिने हळू आवाजात ड्रायव्हरला सांगितलं. माइक घेतला नाही. माणसं मोजलीही नाहीत. तीस-पस्तीस माणसांच्या गाडीत चिवड्याची पिशवीसुद्धा वाजत नव्हती.

सारजा आपल्या ओळीपाशी उभी होती. पोटरीवरचं रक्त बुटात उतरलं होतं.

"आत व्हा," ती मानसिंगला म्हणाली. "खिडकीकडं."

"तितं तू बसती."

"आत व्हा."

"लोकं बघत्यात."

"बघूंद्या. आजवर बघत्यातच."

मानसिंगने मागे पाहिलं. कोणीही मान फिरवली नव्हती. सगळे सरळ त्याच्याकडे बघत होते. तो आत सरकला. काठी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली, मग कुठे ठेवावी ते न कळून सीटखाली सारली.

सारजा बाहेरच्या जागेवर बसली, त्याच्या डाव्या अंगाला. मुठीतला दगड तिने मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर दोन्ही तळवे ठेवले. गाडी हलली. मेंढरं, गडगा, टेकाड मागे गेलं.

तिने मान वळवली. उजवा कान त्याच्या तोंडाजवळ नेला.

"आता सांगा."

मानसिंगने काचेकडे पाहिलं, मग समोर. उतरायचं तर तिच्या अंगावरूनच उतरावं लागणार होतं. पुढचा थांबा अडीच तासांवर होता.