कणसांची पट्टी

वेन्यामिन गुसाकव भुयारी रेल्वेच्या नव्या स्थानकात उतरला तो हातात यादी घेऊनच, आणि स्थानकाची वास्तुकार क्सेनिया ल्वोव्हना हिच्या डोक्यात तिडीक गेली. या माणसाला तिनेच पेन्सिल धरायला शिकवलं होतं. गेल्या साली वरून फर्मान निघालं, इमारतींवरचे नखरे बंद, आणि स्वारी रातोरात तिचीच साहेब झाली.

"ही छताच्या कडेची गव्हाच्या कणसांची पट्टी. फोडा," तो म्हणाला. "प्लास्टरचे गहू खाऊन कुणाचं पोट भरत नाही."

"ती शोभेची नाही, वेन्यामिन. तिच्यामागे पन्हळ आहे. वर अख्खी लेनिनग्राडची दलदल बसलीय, तिचा पाझर त्या पन्हळीत उतरतो. पट्टी म्हणजे पन्हळीचाच काठ."

"वडिलांच्या नावासकट, वेन्यामिन पाव्हलोविच म्हणा. तुम्हा जुन्या लोकांचं प्रत्येक फूल म्हणे पाणी अडवतं."

"नकाशा बघ की."

"नकाशाही तुमचाच ना?"

तिने मग लेखी दिलं. त्या कागदावर फर्मानातलाच 'अतिरेक' एवढा शेरा मारून त्याने तो परत पाठवला. तिसऱ्यांदा सांगायला ती काही त्याची आई नव्हती. 

पट्टी दोन दिवसांत फुटली. पाझराला उघडा लोखंडी नळ बसवून गुसाकवने काम उरकलं. पण तेवढ्यावर त्याचं पोट भरलं नाही. दारावरच्या संगमरवरात वास्तुकाराचं नाव कोरलेलं असे, तिथून तिचं नाव घासून त्याने स्वतःचं कोरवलं. "दोन नावं म्हणजे पण अतिरेकच," म्हणाला. हे तिला पट्टीपेक्षा झोंबलं. ना मूल ना बाळ. मागे राहणारं असं तिचं हे एक स्थानकच होतं.

उद्घाटन एप्रिलात, बर्फ वितळायच्या ऐन दिवसांत होतं. बँड वाजत होता. मॉस्कोहून आलेल्या पाहुण्यांच्या टोपीवर छतातून एक थेंब पडला, मग दुसरा थेट नाकावर.

"हे बांधलं कुणी?" पाहुण्यांनी विचारलं.

गुसाकवचा चेहरा खडूसारखा झाला. गर्दीत त्याला ती दिसली. "क्सेनिया ल्वोव्हना, सांगा ना तुम्ही. मूळ आराखडा यांचाच, साहेब."

"मी कोण सांगणार?" ती शांतपणे म्हणाली. "दारावर कोरलंय, कॉम्रेड. एकच नाव आहे."

पाहुणे दाराकडे वळले, मागोमाग गुसाकव धावला. तिला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. उराल पर्वतातून तिने एकेक पारखून आणलेल्या पांढऱ्या लाद्यांच्या भिंतीवर गंजाचा पहिला ओघळ उतरत होता. तिने रुमाल काढला आणि ओघळ पुसायला लागली.